पेट स्कॅन साफ आला, मग केमो आणखी किती?

एका वाचक आईचं पत्र थोडं कमी करून इथे देत आहे.

«माझी मुलगी २४ वर्षांची आहे. गेल्या गणपतीत तिच्या मानेला डाव्या बाजूला गाठ लागली. आधी टीबी समजून दोन महिने गोळ्या झाल्या, मग बायोप्सीत हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर निघाला. मानेत आणि छातीत गाठी आहेत, पण फार मोठी एकही नाही. स्टेज २ ए. एबीव्हीडी या चार औषधांच्या केमोच्या दोन सायकल, म्हणजे चार डोस झाले. परवा पेट स्कॅन झाला, त्यात ‘डोव्हिल स्कोअर २’ असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, छान आहे, आणखी दोन सायकल देऊ आणि थांबू, रेडिएशन नको. पण शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाला सहा सायकल आणि वर रेडिएशन दिलं होतं, तो आज ठणठणीत आहे. माझे दीर म्हणतात, हे लोक हात आखडता घेतायत, पूर्ण कोर्स मागून घ्या. मुलगी नेमकं उलटं बोलते. स्कॅन साफ आहे ना, मग पुढचे चार डोस तरी कशाला, म्हणते. रोज रात्री जेवताना हाच वाद. मी कोणाचं ऐकू? – एक आई, डोंबिवली»

ताई,

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मला पटतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्रावरून वाटलं की तुमची बऱ्याच रात्रींची झोप गेली आहे. आणखी दोन सायकल घ्या आणि मग थांबा. पण ‘डॉक्टर म्हणाले म्हणून’ एवढ्याने तुमच्या दिरांचं समाधान होणार नाही, मुलीचं तर नाहीच, आणि व्हायलाही नको. म्हणून दोघांनाही पटेल असं सांगायचा प्रयत्न करते.

आधी त्या स्कॅनमध्ये काय पाहिलं ते बघू. पेटच्या आधी जे इंजेक्शन देतात ते साखरेसारखं एक रसायन असतं, त्याला फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. ज्या पेशी अधाशासारखी साखर ओढतात तिथे ते साठतं आणि चित्रात ती जागा पेटल्यासारखी दिसते. नुसत्या सीटीत गाठीचा आकार कळतो, तिच्यात जीव आहे की नाही ते कळत नाही. लिम्फोमाची गाठ औषधाने मेली तरी तिच्या जागी वणासारखा भाग कितीतरी महिने राहू शकतो आणि सीटीत तो गाठच दिसतो. मी शिकत होते तेव्हा आमच्या हातात सीटीच होता. शंका आली की उपचार वाढवले जायचे, दुसरा मार्गच नव्हता. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ साली सुरू झाला. त्याआधीच्या आमच्या पेशंटना हा स्कॅन मिळालाच नाही.

हॉजकिनच्या बाबतीत पेट इतका उपयोगी का पडतो याला एक छान कारण आहे. या आजाराच्या गाठीत खऱ्या कॅन्सरच्या पेशी अगदी थोड्या असतात, बऱ्याचदा शंभरात एक. बाकीची सगळी गर्दी आपल्याच शरीराच्या पांढऱ्या पेशींची, त्या मूठभर पेशींनी रसायनं सोडून गोळा केलेली. औषधाने त्या मूठभर मेल्या की सगळा बाजार उठतो. म्हणून दोन सायकलनंतरच, जेमतेम आठ आठवड्यांत, औषध लागू पडलं की नाही ते स्कॅनमध्ये दिसायला लागतं.

ते मोजायची पट्टी २००९ साली फ्रान्समधल्या डोव्हिल नावाच्या समुद्रकाठच्या गावी जमलेल्या डॉक्टरांनी ठरवली. १ ते ५ असे गुण. गाठीच्या जागेची चमक त्याच माणसाच्या छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधल्या रक्ताशी आणि यकृताशी ताडून पाहायची. चमक अजिबात नसेल तर १. रक्ताइतकी किंवा त्याहून कमी असेल तर २. रक्तापेक्षा जास्त पण यकृताच्या वर नाही, तर ३. यकृतापेक्षा जास्त ४, आणि खूपच जास्त किंवा नव्या जागी आजार दिसला तर ५. तुमच्या मुलीचा २ आहे. मानेत आणि छातीत जिथे आग होती तिथे आता वाहत्या रक्तापेक्षा जास्त चमक नाही. इतक्या लवकर हा निकाल यावा, याहून चांगलं काही मी तुमच्यासाठी मागितलं नसतं.

आता तुमच्या दिरांशी बोलते.

भाऊजी, तुमची शंका प्रेमापोटी आहे हे मला कळतं. कॅन्सर म्हटलं की जास्त औषध म्हणजे जास्त सुरक्षित असं कोणालाही वाटतं. पूर्वी आम्हा डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. एकेकाळी हॉजकिनच्या पेशंटला जबड्याखालपासून पार छातीच्या तळापर्यंत रेडिएशन दिलं जायचं. आजार बरा व्हायचा. पेढे घेऊन आलेल्या आया मला आठवतात. पण विशीत बऱ्या झालेल्या त्या मुलींपैकी काही जणी चाळिशीत पुन्हा आल्या. कोणाला स्तनाचा कॅन्सर, कोणाला हृदयाचा त्रास, थायरॉईडच्या गोळ्या तर कितीजणींना. ज्या उपचाराने त्यांना वाचवलं त्याचीच ही किंमत होती, वीस वर्षांनी वसूल झालेली. त्यातल्या एकीने मला विचारलं होतं, ‘तेव्हा कमी दिलं असतं तर चाललं असतं का?’ तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज बऱ्याच अंशी आहे, आणि ते या स्कॅनमुळे आहे.

तुमच्या डॉक्टरांची योजना अमेरिकेतल्या एका अभ्यासाशी जवळजवळ जशीच्या तशी जुळते. त्याचे निकाल २०१८ साली आले. सुरुवातीच्या स्टेजचे, फार मोठी गाठ नसलेले १४९ पेशंट. सगळ्यांना एबीव्हीडीच्या दोन सायकल, मग पेट. त्यातल्या ९१ टक्के लोकांचा स्कॅन साफ आला, म्हणजे स्कोअर १ ते ३. त्यांना आणखी दोन सायकल देऊन थांबवलं, रेडिएशन नाही. तीन वर्षांनी या लोकांपैकी शंभरात ९१ जण आजार परत न येता चांगले होते. ब्रिटनमधला अभ्यास मोठा होता, ६०२ पेशंटचा, निकाल २०१५ साली. तिथे तीन सायकलनंतर पेट केला आणि ज्यांचा साफ आला त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला रेडिएशन दिलं, दुसऱ्याला पुढे काहीच दिलं नाही. तीन वर्षांनी आजार न परतलेले पहिल्या गटात ९४.६ टक्के, दुसऱ्यात ९०.८ टक्के.

हा फरक मी लपवणार नाही. रेडिएशन टाळलं तर आजार परत येण्याची शक्यता थोडी वाढते, साधारण शंभरात चार. पण त्याच अभ्यासात किती जण जिवंत राहिले ते पाहिलं तर रेडिएशन न घेतलेल्यांमध्ये ९९ टक्के आणि घेतलेल्यांमध्ये ९७.१ टक्के. टाळणाऱ्यांचं नुकसान झालं नाही. याचं कारण असं, की हॉजकिन परत आला तरी हातात उपाय उरतात. दुसऱ्या प्रकारची केमो, स्वतःच्याच स्टेम सेलचा ट्रान्सप्लांट, आणि आता नवी औषधंही आहेत. हे उपचार सोपे नाहीत, महिनोन्महिने पिळून काढतात. म्हणून चार टक्के हा आकडा मी हलका मानत नाही. पण २४ वर्षांच्या मुलीच्या छातीत गाठी होत्या, म्हणजे रेडिएशन स्तनांच्या आणि हृदयाच्या जवळच पडणार. तिच्यापुढे पन्नास-साठ वर्षांचं आयुष्य आहे. तराजूच्या एका पारड्यात ते चार टक्के, दुसऱ्यात ती पन्नास वर्षं. आजार नुसत्या मानेत असता, किंवा पेशंट साठीचा असता, तर मी कदाचित वेगळं बोलले असते.

राहिला प्रश्न सहा सायकलचा. त्या चार औषधांमध्ये एक लाल रंगाचं आहे, डॉक्सोरुबिसिन. त्याचा हिशेब आयुष्यभर चालतो. जितकं शरीरात गेलं तितका हृदयाच्या स्नायूवरचा धोका वाढत जातो. चार सायकलमध्ये शरीराच्या दर चौरस मीटरला २०० मिलिग्रॅम होतं, सहा सायकलमध्ये ३००. दुसरं ब्लिओमायसिन, ते फुप्फुसांना त्रास देऊ शकतं. गरज असेल तर हे सगळं पत्करायचं, पत्करतोच आपण. स्कॅन सांगतोय की गरज नाही. शेजारच्या मुलाची स्टेज पुढची असेल, गाठ मोठी असेल, मधला स्कॅन वेगळा आला असेल. त्याला जे दिलं ते त्याच्यासाठी योग्यच असेल. त्याच्या मापाचा शर्ट आपल्या मुलीला बसणार नाही.

आणि पैशांची शंका मनात असेल तर सरळ डॉक्टरांना विचारा. आमच्यातल्या कोणालाही या प्रश्नाचा राग येऊ नये. ज्याला येतो त्याच्याकडून दुसरं मत घ्यायला मोकळे आहात.

आता मुलीसाठी. ताई, हा भाग तिला स्वतःला वाचू द्या.

बाळा, तुझा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि तो तुझ्याआधी जर्मन डॉक्टरांना पडला होता. त्यांनी सुरुवातीच्या स्टेजचे, त्यातही कमी धोक्याचे पेशंट घेतले. दोन सायकलनंतर पेट साफ आला, तर काहींना रेडिएशन दिलं आणि काहींना तिथेच पूर्ण थांबवलं. तू म्हणतेस तसंच. २०१९ साली निकाल आले. पाच वर्षांनी आजार न परतलेले रेडिएशनवाल्यांमध्ये ९३.४ टक्के, आणि दोन सायकलवर थांबलेल्यांमध्ये ८६.१ टक्के. म्हणजे शंभरात सातच्या जागी चौदा जणांना धक्का बसला. स्कॅन साफ असूनही. कारण पेटला काही मिलिमीटरच्या खालचं दिसत नाही, आणि तेवढ्या जागेत कितीतरी पेशी लपून बसू शकतात. स्कॅन साफ म्हणजे आजार औषधाला घाबरतोय, एवढंच. तो पुरता संपला अशी खात्री स्कॅन देत नाही. तुझे पुढचे चार डोस त्या न दिसणाऱ्यांसाठी आहेत. रेडिएशन टाळण्याची सवलत तुला मिळते आहे ती या चार डोसांच्या जोरावर. दोन्ही सोडता येणार नाहीत.

डोसनंतरचे ते तीन-चार दिवस कसे जातात ते मी पाहिलंय. वास नको, बोलणं नको, आईने डोक्यावरून हात फिरवला तरी नको. उलटीचं औषध पुरत नसेल तर सोसत बसू नकोस, डॉक्टरांना सांग. त्यात बदल करता येतो आणि करायला हवा. मोजून चार वेळा. पंधरा-पंधरा दिवसांनी.

इतर वाचकांसाठी थोडं विषयांतर करते, कारण मधला स्कॅन सगळ्यांचाच साफ येत नाही. युरोपातल्या १,९५० पेशंटच्या एका मोठ्या अभ्यासात, २०१७ साली, दोन सायकलनंतर पेटमध्ये चमक राहिलेल्यांना जास्त जोरकस केमोवर नेलं. पाच वर्षांनी आजार न वाढलेल्यांचं प्रमाण ७७.४ टक्क्यांवरून ९०.६ टक्क्यांवर गेलं. म्हणजे हा स्कॅन औषध कमी करण्याचं निमित्त नाही. ज्याला जास्त हवं त्याला तो जास्तही देतो, आणि वेळेवर. दिरांना हेही सांगा.

पण आपल्याकडे चमक म्हणजे लगेच कॅन्सर असं धरायचं नाही. टीबीची गाठसुद्धा साखर ओढते. छातीतला साधा संसर्ग ओढतो. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन नुकतंच झालं असेल तर हाडांचा सगळा मगज उजळतो. तरुण मुलांमध्ये केमोनंतर छातीतली थायमस ग्रंथी पुन्हा वाढते आणि तीही चमकते. माझ्याकडे एक मुलगा आला होता. दुसऱ्या एका ठिकाणी त्याचा स्कोअर ४ आला होता आणि नुसत्या रिपोर्टवरून औषध बदलायचं ठरलं होतं. वडील कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभे होते, बसायलाही तयार नव्हते. छातीतल्या त्या गाठीची बायोप्सी केली तर टीबी निघाला. तुमच्या मुलीला टीबीच्या गोळ्या चुकून मिळाल्या, याला नेमकं उलट मिळणार होतं. मुंबईत हे दोन आजार एकमेकांचे मुखवटे घालून फिरतात. म्हणून अनपेक्षित चमक दिसली आणि त्यावरून उपचार बदलायची वेळ आली, तर आधी त्या जागेचा तुकडा तपासता येईल का, हे विचारायचंच.

आता पुढच्या स्कॅनचं. आठवा डोस झाल्यावर शेवटचा पेट होईल. तो घाईने करू नका. किमान तीन आठवडे, शक्य असेल तर सहा ते आठ आठवडे थांबा, नाहीतर औषधाने आलेली सूजच चमकते. जिथे आधीचा झाला तिथेच, त्याच मशीनवर झाला तर तुलना नीट होते. सोबत आधीच्या स्कॅनची सीडी न्या, नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही.

आदल्या दिवशी तिला धावपळ, व्यायाम, जिन्यांची चढउतार नको. डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीत लोकलला लटकून, दादरचा पूल धापा टाकत चढून आलं तर पायांचे स्नायूच साखर ओढतात आणि चित्र बिघडतं. त्या दिवशी रिक्षा-टॅक्सीचा खर्च करा. सहा तास उपाशी राहायचं, पाणी चालतं, पण चहा नाही, चघळायची गोळीसुद्धा नाही. दिलेल्या वेळेला पोहोचाच, कारण ते औषध साठवता येत नाही. फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्याच दिवशी बनवून आणलेलं असतं. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचं. फोनवर गप्पा नकोत, बोलण्याने स्वरयंत्राचे स्नायू चमकतात, आणि हिची गाठ मानेतच होती. त्याच कारणाने शाल न्या. एसीच्या गारठ्यात मानेजवळची एक विशिष्ट चरबी ऊब तयार करायला लागते आणि हुबेहूब गाठीसारखी उजळते. परत येताना काही तास गरोदर बाई आणि लहान मुलं जवळ नकोत, म्हणजे लेडीज डब्यातली गर्दी त्या दिवशी टाळायची. भरपूर पाणी प्यायला द्या.

दरम्यान दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्री दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठायचं, घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. आणि कोरडा खोकला लागला किंवा नेहमीच्या जिन्यावर दम लागायला लागला तर पुढच्या डोसच्या आधी सांगायचं. ते ब्लिओमायसिनमुळे असू शकतं, आणि ते औषध वेळेवर बंद करावं लागतं.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा एवढं नक्की विचारा, की सुरुवातीच्या तपासण्यांवरून मुलगी कमी धोक्याच्या गटात येते की जास्त. ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) किती होता, किती जागी गाठी होत्या, छातीतली गाठ छातीच्या रुंदीच्या मानाने केवढी होती, यावर ते ठरतं. मी तिचे कागद पाहिलेले नाहीत, त्यांनी पाहिलेत. ती जास्त धोक्याच्या गटात असेल तर चार सायकलनंतर रेडिएशनचा विचार पुन्हा करायचा का, हे त्यांच्या तोंडून ऐका. दुसरं मत घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले तुकडे) आणि सीडी घेऊन जा, पण याच आठवड्यात. त्यासाठी पाचवा डोस पुढे ढकलू नका. वेळेवर दिलेला डोस हा या उपचाराचा कणा आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही बारीक अक्षरात विचारलंय, सगळं संपल्यावर मनाच्या समाधानासाठी दर तीन महिन्यांनी पेट करून घ्यावा का. नको. शेवटचा स्कॅन साफ आला की पुढे डॉक्टरांनी मान, काख, पोट हाताने तपासणं आणि तिने स्वतःला काय वाटतंय ते सांगणं, यावरच भर असतो. रात्री घामाने कपडे भिजणं, कारण नसताना वजन उतरणं, नवी गाठ लागणं, असं काही झालं तर तपासण्या लगेच करायच्या. काही त्रास नसताना केलेल्या पेटमध्ये खोट्या चमका बऱ्याचदा सापडतात. मग बायोप्सी, आठ दिवसांची वाट, आणि शेवटी सर्दीची गाठ. तुमची झोप त्यात परत येणार नाही. तपासणीच्या दिवशी मुलीसोबत जा, आणि तिच्या बाबतीतले प्रश्न तिला स्वतःला विचारू द्या.